तेवीस मिनिटांची पाडापाडी

५ एप्रिल २०२२, मंगळवार. पाडवा होऊन तीन दिवस झालेले. राज्यातले कोरोनाचे उरलेसुरले निर्बंध पाडव्यापासूनच उठले होते, पण पुण्याच्या आयटी कंपन्यांतली बरीच पोरे अजून गावाकडूनच काम करत होती. वाईत, कऱ्हाडात, इस्लामपुरात, विट्यात माडीवरच्या खोलीत टेबल टाकलेले, आणि समोरच्या पडद्यावर जिरा. आज कुणी काय करायचे, कुठली चूक कुणाच्या नावावर चढली आहे, कुठले काम कुणामुळे अडले आहे, हे सगळे जिरात. कामाची टिपणे कॉन्फ्लुअन्समध्ये. रात्री-अपरात्री सर्व्हर बसला तर झोपेतून उठवायचे काम ऑप्सजिनीकडे. ही तिन्ही उत्पादने ॲटलासियन या सिडनीच्या कंपनीची.

त्या दिवशी दुपारी १ वाजून ८ मिनिटांनी या कंपनीने आपल्याच हाताने आपल्या ७७५ ग्राहकांच्या, ही उत्पादने जिथे चालतात त्या, ८८३ साइट पुसायला सुरुवात केली. हल्ला नव्हता, आग नव्हती, सूड उगवणारा कुणी नोकर नव्हता. जुनी झालेली एक गोष्ट काढून टाकायचे रीतसर मंजूर झालेले काम होते. पुढचा घटनाक्रम कंपनीने नंतर स्वतःच प्रसिद्ध केलेल्या अहवालावरून मांडला आहे. वेळा मात्र आपल्या घड्याळात बदलून घेतल्या आहेत. घटना परक्या कंपनीची असली तरी पुसण्याच्या अशा आज्ञा देणारे हात अनेकदा आपल्याकडचे असतात. सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा कऱ्हाडच्या सरकारी कॉलेजात शिकलेली पोरे आज जगभरच्या कंपन्यांचे सर्व्हर उभारतात आणि पाडतातही.

आधीचे महिने

‘इनसाइट’ नावाचे एक जोड-ॲप होते. कंपनीतले संगणक, परवाने, यंत्रे यांची नोंद ठेवणारे. ॲटलासियनने ते विकत घेतले आणि २०२१ मध्ये त्याचे काम आपल्या मुख्य उत्पादनात सामावून घेतले. आता सुटे ॲप निरुपयोगी. ज्या ग्राहकांच्या साइटवर ते अजून बसलेले होते तिथून ते काढायचे ठरले.

इथपर्यंत कुणीच काही चुकलेले नाही. निरुपयोगी गोष्ट तशीच पडू दिली तर ती बिल वाढवते, सुरक्षेला भोक पाडते आणि वर्षभराने ती कशासाठी होती हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. काढायलाच हवे होते. फक्त, नवी यंत्रणा उभी राहते तेव्हा चार बैठका होतात, आराखडे निघतात, शेवटी केकही कापला जातो. जुनी काढण्याचे काम एखाद्या शुक्रवारच्या यादीत तळाला पडलेले असते आणि ज्याच्या वाट्याला येते तो ते उरकायच्या बेतात असतो.

आधीचे काही दिवस

काढा म्हणणारा गट एक, प्रत्यक्ष काढणारा गट दुसरा. पहिल्याने दुसऱ्याला ओळखक्रमांकांची यादी द्यायची होती: अमुक अमुक साइटवरच्या इनसाइट ॲपचे क्रमांक. दिली गेली ती यादी साइटच्याच क्रमांकांची. ज्या घरातून एक कपाट बाहेर काढायचे होते, त्या घराचाच पत्ता पाडणाऱ्याच्या हातात पडला.

पुसण्यासाठी जी एपीआय वापरायची होती ती दोन्ही प्रकारचे क्रमांक घेत असे. ॲपचा क्रमांक दिला तर ॲप पुसायची, साइटचा दिला तर साइट. दिलेले बरोबरच असणार हे तिने गृहीत धरलेले. ‘ही अख्खी साइट आहे, नक्की ना?’ असे विचारण्याची सोय तिच्यात नव्हती.

मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत घातक वाटते ती दोन्ही क्रमांक घेण्याची सोय. एकच दार, दोन अर्थ. लिहिणाऱ्याला ती सोयीची वाटली असणार, कारण दोन वेगळ्या आज्ञा लिहिण्यापेक्षा एक पुरते. पुढे कधीतरी कुणीतरी दमलेला माणूस चुकीची यादी घेऊन याच दाराशी येणार, हे लिहिताना डोळ्यांपुढे येत नाही.

स्क्रिप्टची तपासणी

यादीतला एकेक क्रमांक या एपीआयला देऊन पुसणारी स्क्रिप्ट दुसऱ्या अभियंत्यांनी तपासली. नेहमीच्या पद्धतीने. कुठली एपीआय बोलावली आहे, कशी बोलावली आहे, हे पाहिले गेले. यादीतले क्रमांक नेमके कशाचे आहेत हे कुणी पडताळले नाही.

कोड तपासणाऱ्या कुणालाही हे ओळखीचे वाटेल. आपण वाक्यरचना पाहतो, चुका सापडल्या नाहीत तर नाव कसे असावे यावर वाद घालतो, आणि सोबत जोडलेली हजार ओळींची यादी म्हणजे ‘डेटा’ म्हणून खाली सरकवतो. पण पुसण्याच्या कामात यादी हाच खरा कोड असतो. स्क्रिप्टच्या पंचवीस ओळी निर्दोष असून उपयोग नाही. काय मरणार आणि काय जगणार ते यादी ठरवते.

तालीम

मग तालीम झाली. आधी स्टेजिंगवर, म्हणजे खऱ्यासारख्या पण खोट्या वातावरणात. मग मंजुरी घेऊन खऱ्याखुऱ्या ३० साइटवर. दोन्ही वेळा काम फत्ते. ३० ठिकाणचे इनसाइट ॲप गेले, बाकी सगळे जागच्या जागी.

त्या ३० साइटची यादी गटांमधला गोंधळ होण्यापूर्वी काढलेली होती. तिच्यात ॲपचेच क्रमांक होते.

म्हणजे तालीम प्रामाणिक होती, निकाल खरा होता, आणि त्याचा पुढच्या प्रयोगाशी संबंध उरलेला नव्हता. तपासली गेली ती स्क्रिप्ट. पुढच्या खेपेला बदलणार होती ती यादी. ३० वरून थेट ८८३ वर उडी मारताना कुणी दुसऱ्या यादीतले पहिले पाच क्रमांक उघडून पाहिले असते तरी भागले असते.

दुपारी १.०८

स्क्रिप्ट सुरू.

तिच्यात पुसण्याच्या दोन तऱ्हा होत्या. कंपनीचे मुख्य तंत्रज्ञान अधिकारी श्री विश्वनाथ यांनी आठवड्याभराने, १२ एप्रिलला, हे उघड लिहिले. एक तऱ्हा ‘पुसण्यासाठी खूण करा’, रोजच्या कामासाठी, चूक झाली तर परत आणता येईल अशी. दुसरी ‘कायमचे पुसा’, ग्राहकाने आपला डेटा नष्ट करा म्हटले की कायद्यापोटी वापरायची. चालवली गेली दुसरी.

चुकीची यादी असती आणि तऱ्हा पहिली असती, तर संध्याकाळपर्यंत खुणा काढून टाकून माफीची चार पत्रे पाठवून मोकळे होता आले असते. तऱ्हा दुसरी असती आणि यादी बरोबर असती, तर जे जायचे होते तेच गेले असते. दोन्ही एकाच वेळी चुकले.

स्क्रिप्ट यादीच्या क्रमाने एकेक साइट पुसत होती. ८८३ साइट, २३ मिनिटे: सरासरी दीड सेकंदाला एक. जिरा गेले, कॉन्फ्लुअन्स गेले, ऑप्सजिनी गेले, आणि ‘आमची सेवा सध्या बंद आहे’ असे आपल्या ग्राहकांना कळवण्यासाठी कंपन्या जे स्टेटसपेज वापरतात तेही गेले.

दुपारी १.१६

आठवे मिनिट. पहिल्या ग्राहकाची तक्रार येते.

तक्रार आली हे महत्त्वाचे, कारण ॲटलासियनच्या आतल्या देखरेखीला काहीच खटकलेले नव्हते. साइट नेहमीच्या, अधिकृत वाटेने पुसल्या जात होत्या. देखरेख बिघाड शोधत होती, आणि हा बिघाड नव्हता. सर्व्हर धडधाकट होते, डेटाबेस उत्तरे देत होते, सांगितलेले काम चोख होत होते.

वेग सारखा होता असे धरले, तर १.१६ ला साधारण तीनशे साइट गेलेल्या असणार. पावणेसहाशे अजून शाबूत होत्या. त्या क्षणी कुणी स्क्रिप्ट थांबवली असती तर! पण एका तक्रारीला एका ग्राहकाची अडचण म्हणूनच वाचले जाते. तिचा धागा शेजारच्या गटाच्या खिडकीत धावणाऱ्या स्क्रिप्टपर्यंत नेणारी वाटच नव्हती.

दुपारी १.३१

स्क्रिप्ट संपली. सगळे यशस्वी.

इथे कोयना धरणाची आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. पावसाळ्यात तिथला शिवसागर जलाशय भरत आला की आधी पायथा वीजगृहातून पाणी सोडतात, एका युनिटमधून १,०५० क्युसेक. मग गरज पडली तर सहा वक्री दरवाजे, तेही फूट, दीड फूट असे. त्याआधी भोंगा वाजतो, नदीकाठच्या गावांना कळवले जाते. पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळते आणि पुढे सांगलीत आयर्विन पुलाच्या पट्टीवर नजर असते: ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. इतके सगळे असूनही २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विनपाशी पाणी ५७ फुटांवर गेले, हे सांगलीकराला सांगायला नको. तरी या पद्धतीत दोन गोष्टी आहेत ज्या त्या स्क्रिप्टमध्ये नव्हत्या. एका पायरीचा परिणाम खाली पोचून दिसेपर्यंत पुढची पायरी न चढण्याची मुभा, आणि दरवाजा परत खाली आणण्याची.

ॲमेझॉनला हा धडा पाच वर्षे आधी मिळाला होता. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी त्यांच्या एस-थ्री या साठवणूक सेवेतल्या एका अधिकृत कर्मचाऱ्याने, ठरलेल्या पुस्तिकेनुसारच, काही सर्व्हर बाजूला काढायची आज्ञा दिली. आज्ञेतला एक तपशील चुकला आणि ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर निघाले. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची एस-थ्री चार तासांहून जास्त वेळ बसली. आपली सेवा बंद आहे हे सांगणारा ॲमेझॉनचा फलकही बदलता येईना, कारण तो बदलायची यंत्रणा एस-थ्रीवरच उभी होती. त्यानंतर त्यांनी हत्यारच बदलले. सर्व्हर आता हळूहळू निघतात आणि किमान संख्येच्या खाली जाणार असतील तर हत्यार नकार देते. कर्मचाऱ्याला जास्त जपून टाइप कर असे सांगून त्यांनी विषय मिटवला नाही, याचे मला कौतुक वाटते.

दुपारी १.४७

मोठी दुर्घटना हाताळायची प्रक्रिया सुरू झाली. पहिल्या तक्रारीनंतर ३१ मिनिटांनी. वेगवेगळ्या गटांतली माणसे एकत्र आली.

दुपारी १.५४

सातच मिनिटांत दर्जा ‘गंभीर’ झाला. काय झाले आहे ते मात्र अजून कुणाला कळलेले नव्हते. कळायला आणखी २९ मिनिटे जाणार होती. तेवढ्या वेळात हेच काम आपल्याकडचा एखादा अभियंता टेराफॉर्मने करत असता तर त्याला काय दिसले असते, ते पाहून घेऊ. बहुतेकांचा खरा सामना याच्याशी होतो.

टेराफॉर्ममध्ये सर्व्हर, डेटाबेस, नेटवर्क सगळे मजकुरात लिहायचे. आपण उभे केलेले काय काय आहे याची नोंद तो एका स्टेट फाइलमध्ये ठेवतो. ‘डिस्ट्रॉय’ म्हटले की त्या फाइलमध्ये नोंदवलेले सगळे पाडायला निघतो. त्याआधी प्लॅन दाखवतो: शून्य वाढवायचे, शून्य बदलायचे, समजा ४७ पाडायचे. मग पूर्ण ‘येस’ टाइप करायला लावतो, नुसते ‘वाय’ चालत नाही. ॲटलासियनच्या एपीआयने न विचारलेला प्रश्न इथे विचारला जातो. माणसे मग त्यावर ऑटो-अप्रूव्हचा पर्याय लावून तो प्रश्न बंद करून टाकतात, आणि एकदा स्वयंचलित पाइपलाइनमध्ये तो पर्याय गेला की कुणी काढत नाही.

प्लॅनमधल्या शेवटच्या ओळीतला आकडा बघून पुढे जाणे ही तर सार्वत्रिक सवय. आकडा ४७ च असतो, पण फोल्डर चुकलेला असतो, किंवा वर्कस्पेस, किंवा खाते. चाचणीचे ४७ आणि खऱ्या ग्राहकांचे ४७ आकड्यात सारखेच दिसतात. वाचायची असतात ती नावे. प्लॅन फाइलमध्ये साठवून, दुसऱ्या माणसाला दाखवून, नेमकी तीच फाइल चालवता येते. ही सोय असूनही फार थोडे जण वापरतात.

कुलुपांचेही असेच. कोडमध्ये एखाद्या डेटाबेसवर ‘प्रिव्हेंट डिस्ट्रॉय’ लिहिता येते, मग तो पाडणारा प्लॅनच अडतो. पण कुणी त्या डेटाबेसचा पूर्ण परिच्छेदच कोडमधून खोडला, तर कुलूपही त्याच परिच्छेदात लिहिलेले असल्याने त्याच्यासोबत जाते, आणि टेराफॉर्म निमूटपणे डेटाबेस पाडायला निघतो. म्हणून दुसरे कुलूप क्लाउडच्या बाजूला हवे. ॲमेझॉनच्या डेटाबेस सेवेत ‘डिलीशन प्रोटेक्शन’ आहे, ते कोड खोडला तरी जागेवर राहते.

त्याच सेवेतली आणखी एक गोष्ट नव्याने आलेल्या प्रत्येकाला बसवून सांगावी अशी आहे. डेटाबेस पाडला की त्याचे आपोआप घेतले जाणारे बॅकअपही, वेगळे सांगितले नसेल तर, त्याच्यासोबतच जातात. हाताने घेतलेले स्नॅपशॉट तेवढे उरतात. पाडण्याआधी शेवटचा स्नॅपशॉट घ्यायला टेराफॉर्म स्वतःहून अडून बसतो, पण चाचणीच्या कोडमध्ये ती कटकट नको म्हणून तो टप्पा वगळायची ओळ टाकली जाते. मग तोच कोड नक्कल करून खऱ्या कामाला लावला जातो. ती ओळ तिथे वर्षानुवर्षे झोपून असते.

आणि जे हाताने, कन्सोलवर क्लिक करून उभे केले, ते स्टेट फाइलमध्ये नसतेच. सगळे पाडले म्हणून सुटकेचा श्वास सोडावा, तर महिनाअखेरीस बिल येते: कुठेतरी एक डिस्क, एक सार्वजनिक आयपी पत्ता, एक नॅट गेटवे चालूच आहे.

जाणती माणसे म्हणून थेट पाडत नाहीत. आधी रहदारी तोडतात, मग यंत्रणा नुसती बंद करतात आणि काही दिवस गप्प बसतात. कुणी ओरडले तर चालू करायची. कुणीच ओरडले नाही, तर पाडायची. (यातही गंमत आहे. ॲमेझॉनचा थांबवलेला डेटाबेस सात दिवसांनी आपला आपण पुन्हा चालू होतो, तेव्हा गप्प बसण्याचा काळ त्याहून मोठा असेल तर तारीख लिहून ठेवावी.) काही ठिकाणी ही थांबण्याची अट सेवेतच कोरलेली आहे. ॲमेझॉनच्या केएमएस या डेटा कुलूपबंद करणाऱ्या किल्ल्यांच्या सेवेतली किल्ली कुणालाच तत्काळ पुसता येत नाही, किमान ७ आणि जास्तीत जास्त ३० दिवसांची मुदत घालावीच लागते. त्या काळात किल्ली वापरता येत नाही, पण निर्णय फिरवता येतो. किल्ली गेली तर तिने कुलूपबंद केलेला सगळा डेटा कायमचा मुका होणार, हे ठाऊक असलेल्या कुणीतरी ही अट घातली असणार.

दुपारी २.२३

धागा जुळला. ग्राहकाची तक्रार आणि स्क्रिप्ट, दोन्ही एकाच गोष्टीची टोके आहेत हे पक्के झाले.

आता ग्राहकांना कळवायचे. कुणाला? साइट पुसली तेव्हा तिचा पत्ता, तिच्या व्यवस्थापकाचे संपर्क, हे सगळे तिच्यासोबतच पुसले गेले होते. उलट दिशेनेही तेच. मदतीसाठी तिकीट टाकायचे तर आपल्या साइटचा पत्ता द्यावा लागे, आणि तो पत्ता आता अस्तित्वात नव्हता. ज्यांचे सगळे गेले त्यांनाच नेहमीच्या दारातून आत येता येईना.

ही बाब तांत्रिक तपशिलात हरवून जाते, पण आयटीतल्या कुणालाही विचारा, त्याला आधी हेच आठवेल. बंद पडलेली सेवा एक दिवस सहन होते. काय झाले, कधी परत येईल, हे कुणीच न सांगणे सहन होत नाही. कंपनीचे पहिले मोठे जाहीर निवेदन, स्टेटसपेजच्या बाहेरचे, ७ एप्रिलला आले. मधल्या काळात पत्ते गोळा करत बसण्यापेक्षा जे कळले आहे तेवढे जाहीर सांगायला हवे होते, हे त्यांनीच नंतर कबूल केले.

संध्याकाळी ६.०८

बरोबर पाच तास. दर्जा सर्वोच्च पायरीवर गेला. कारण तोवर लक्षात आले होते की हे परत आणणे सोपे नाही.

बॅकअप नव्हते का? होते, चांगले होते. दुसऱ्या ठिकाणी ठेवलेले, बदलता न येणारे, ३० दिवसांचे. एखादे डेटा सेंटर बुडाले तर दुसरीकडून उभे राहायची तयारी होती. एखाद्या ग्राहकाने स्वतःच्या हाताने काही पुसले तर तेही परत आणता येत होते. पण क्लाउडमध्ये एका मोठ्या भांडारात अनेक ग्राहकांचा डेटा शेजारी शेजारी असतो. भांडार सकाळच्या स्थितीला मागे नेले, तर ज्यांना धक्काही लागलेला नाही त्यांचे दिवसभराचे काम उडणार. भांडारातून फक्त काहीशे ग्राहकांचे तेवढे वेचून काढून, चालू यंत्रणेत, इतरांना न दुखावता परत बसवायचे, याची तयारी कुणी केलेली नव्हती.

त्या रात्रीपासून दुर्घटना हाताळणाऱ्या गटाची दर तीन तासांनी बैठक होऊ लागली, चोवीस तास. ती शेवटची साइट परत येईपर्यंत सुरू राहिली.

८ ते १८ एप्रिल

पहिले ग्राहक ८ एप्रिलला परत आले. पहिली रीत अशी होती: प्रत्येक पुसलेल्या साइटसाठी नवी साइट काढायची, नव्या ओळखक्रमांकाची, आणि मग जिथे जिथे जुना क्रमांक नोंदवलेला आहे तिथे तिथे नवा घालत जायचे. एका खेपेला सुमारे ७० पायऱ्या, बऱ्याच हाताने करायच्या, सुमारे ४८ तासांच्या. यात ११२ साइट परत आल्या. संख्येने थोड्या, पण बाधित वापरकर्त्यांपैकी ५३ टक्के त्यांच्यात होते.

हे चालू असतानाच कुणाच्या तरी डोक्यात आले की नवा क्रमांक द्यायचाच कशाला? जुन्याच क्रमांकाची नोंद पुन्हा जिवंत केली तर निम्म्याहून जास्त पायऱ्या गळतात. तसे हत्यार तयार झाले आणि वेळ ४८ तासांवरून सुमारे १२ तासांवर आली. उरलेल्या ७७१ साइट या दुसऱ्या रीतीने आल्या. १८ एप्रिलपर्यंत सगळे ग्राहक परत आले. डेटा बहुतेकांना पुसण्याच्या पाच मिनिटे आधीपर्यंतचा मिळाला.

पुसायला २३ मिनिटे, काहींना परत मिळायला १४ दिवस. कंपनीने पुढच्या कामांच्या यादीत पहिली ठेवली ती गोष्ट म्हणजे सगळ्या यंत्रणांमध्ये आधी खूण करून ठेवायची, लगेच पुसायचे नाही, आणि कायमचे पुसण्याआधी मुदत व अनेक पातळ्यांची तपासणी. ही तऱ्हा त्यांच्याकडे आधीपासून होती. त्या दिवशी ती निवडली गेली नव्हती, आणि निवडायची सक्ती नव्हती.

दोन वर्षांनी

मे २०२४ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातच युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीच्या सहा लाखांहून जास्त सदस्यांना आपले खाते दिसेनासे झाले. सुमारे आठवडाभर. निधी सव्वाशे अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपासचा. गुगल क्लाउडवरचे त्यांचे एक खासगी क्लाउड पुसले गेले होते, आणि गुगल क्लाउडचे प्रमुख थॉमस कुरियन यांना युनिसुपरच्या प्रमुखांसोबत संयुक्त निवेदन काढावे लागले.

या वेळी कुणी पाडण्याची आज्ञा दिलीच नव्हती. वर्षभर आधी ते क्लाउड उभे करताना गुगलच्या कर्मचाऱ्याने आतल्या एका हत्यारात एक रकाना रिकामा सोडला होता. रिकाम्या रकान्याचा अर्थ हत्याराने स्वतःच लावला: मुदत एक वर्ष, नंतर पुसा. घड्याळ त्या दिवसापासूनच चालू होते, पण ते कुठल्या पडद्यावर नव्हते. मुदत संपली, क्लाउड गेले. ग्राहकाने पुसायला सांगितले असते तर त्याला आधी सूचना गेली असती. इथे ग्राहकाने सांगितलेलेच नसल्याने सूचनाही गेली नाही.

युनिसुपरने काही बॅकअप दुसऱ्या कंपनीकडे ठेवलेले होते, आणि गुगलच्याच साठवणूक सेवेतलेही वाचले होते. त्यांच्यावरून सगळे पुन्हा उभे राहिले. गुगलने ते आतले हत्यार मोडीत काढले, आणि त्या प्रकारच्या इतर सगळ्या खासगी क्लाउडच्या नोंदी माणसे बसवून एकेक तपासल्या, आणखी कुणाचे घड्याळ चालू आहे का ते पाहायला.